पंख्याची वायर काढण्यापूर्वी

मोटारीतल्या ॲम्प्लिफायरच्या पंख्यावर लेख कशासाठी, असे म्हणून कुणी पान उलटू नये, एवढी सुरुवातीलाच विनंती. विषय लहान आहे खरा. पण त्यातून आपल्या खरेदीच्या आणि विचार करण्याच्या सवयींवर बराच उजेड पडतो, असे मला वाटते.

मी एक जुनी मोटार विकत घेतली. आधीच्या मालकाने पुढच्या सीटखाली एक दणकट ॲम्प्लिफायर बसवून घेतला होता. अण्णांना डॉक्टरांकडे दाखवण्यासाठी मला अधूनमधून निपाणीहून बेळगावला आणावे लागते. सुमारे ७५ किलोमीटरचा रस्ता. अण्णांना अलीकडे कमी ऐकू येते, पण गाण्याचा नाद सुटलेला नाही; आणि त्यातही कुमार गंधर्व म्हणजे आपल्या सुळेभावीला जन्मलेले, म्हणून त्यांच्यावर विशेष हक्क! तवंदीचा घाट चढेपर्यंत सारे ठीक होते. संकेश्वरला चहासाठी गाडी थांबवली, इंजिन बंद केले, आलापी चालूच ठेवली. अण्णा थोडा वेळ ऐकत बसले आणि म्हणाले, "गाणं छान आहे रे, पण मागं पिठाची गिरणी कोण चालवतंय?"

ती गिरणी म्हणजे ॲम्प्लिफायरचा पंखा. हमरस्त्यावर टायरच्या आणि वाऱ्याच्या आवाजात तो लपला होता. गाडी थांबताच उघडा पडला. तंबोरा तर त्याने पार गिळून टाकला होता. यात नवल नाही. सात पात्यांचा पंखा मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० फेरे, आणि ५० गुणिले ७ म्हणजे ३५० कंपने होतात. पेटीवर हा सूर मध्य सप्तकातल्या पांढरी चारच्या अगदी जवळ येतो. म्हणजे गवयाच्या तंबोऱ्याशेजारी दुसराच एक न जुळवलेला तंबोरा अखंड वाजत राहतो!

बेळगावला गाडी एका मिस्त्रीला दाखवली. तो म्हणाला, "सर, वायरच काढून टाकूया की. पंखा न्हाई, आवाज न्हाई." मला ते पटले, आणि हीच माझी चूक. मी वर्गात उष्णतेचे वहन शिकवतो. तरी आयती शांतता मिळते म्हटल्यावर शिकवलेले विसरलो. एप्रिलच्या एका दुपारी वंटमुरी घाटात करपल्याचा वास आला आणि गाणे कायमचे थांबले. दोष मिस्त्रीचा नाही. त्याला मी आवाज घालवायला सांगितले होते; उष्णतेचे काय करायचे, हे मी विचारलेच नव्हते.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की पंख्याचा आवाज हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. रोग आहे उष्णता.

एबी वर्गाचा ॲम्प्लिफायर स्पीकरला १०० वॉट देतो तेव्हा चांगल्या परिस्थितीतही बॅटरीकडून सुमारे १६५ वॉट घेतो. उरलेल्या ६५ वॉटची नुसती शेगडी होते. हळू आवाजात तर हे प्रमाण आणखी बिघडते. उलट डी वर्गाचा, म्हणजे अतिशीघ्र उघडझाप करून चालणारा ॲम्प्लिफायर तेवढेच काम करताना १५-२० वॉटच उष्णता सोडतो. शेगडीच लहान झाली की फुंकर घालणारा पंखा बहुधा लागतच नाही. दुसरा उपाय स्पीकरच्या बाजूने आहे. एक वॉटला ८७ डेसिबल आवाज देणाऱ्या स्पीकरऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर निवडला, तर तेवढ्याच आवाजाला निम्मी शक्ती पुरते. बाजारात स्पीकरचा हा आकडा विचारणारा गिऱ्हाईक मला अजून भेटायचा आहे.

पंखा लागलाच तर तो मोठा आणि सावकाश फिरणारा असावा. पंख्याचा वेग निम्मा केला की हवाही निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलनी उतरतो. आता तसेच दोन पंखे शेजारी लावले, तर हवा पूर्वीएवढी मिळते आणि आवाज फक्त ३ डेसिबलनी वाढतो. म्हणजे निव्वळ १२ डेसिबलचा फायदा. पात्यांचा घाट तोच ठेवून व्यास दुप्पट केला, तर तत्त्वतः आठव्या हिश्श्याच्या वेगातही तेवढीच हवा मिळते. चाळीस मिलिमीटरचा चिमुकला पंखा किंचाळतो तो त्यामुळेच. तापमान पाहून वेग कमीजास्त करणारे सर्किट जोडले, तर हळू गाणे चालू असताना पंखाही हळू राहतो.

बाकीची कामे हातोटीची आहेत. पंखा पातळ पत्र्यावर घट्ट आवळला की पत्रा ढोलासारखा वाजतो. मध्ये रबराचे वॉशर घालावेत. पात्यांच्या तोंडाशी भोके पाडलेला पत्रा असेल तर तो काढून तारेची जाळी लावावी, कारण अडलेली हवा ओरडते. बेळगावच्या तांबड्या मातीची किंवा निपाणीच्या वखारीतल्या तंबाखूची धूळ पात्यांवर बसली की तोल जातो. वर्षातून दोनदा ब्रशने झाडावी. पेटी गालिच्यात गुंडाळून ठेवू नये. बुश झिजून खरखरत असेल तर तेलपाणी न करता पंखाच बदलावा. आणि सर्वांत आधी आवाज पेटीतून येतो की स्पीकरमधून, हे कान लावून पाहावे. स्पीकरमधून येत असेल तर दोष वायरिंगचा किंवा अर्थिंगचा असण्याचा संभव अधिक. तिथे पंख्याला शिव्या देऊन उपयोग नाही.

हे सारे इतके साधे असताना किंचाळणारे पंखे बाजारात येतात तरी कसे? माझे उत्तर कदाचित कटू वाटेल: ते आपणच मागवतो. दुकानात आपला पहिला प्रश्न असतो, "किती वॉट?" मग पेटीवर २००० वॉट छापले जातात. त्याच पेटीच्या मागे ३० अँपिअरचा फ्यूज असतो. गाडी चालू असताना १४ व्होल्ट धरले, तरी आत जाणारी शक्ती ४२० वॉटच्या वर सलग टिकू शकत नाही. मग बाहेर २००० कुठून येणार? हा गुणाकार आठवीतला मुलगा करील, पण पदवीधर करत नाही. आकडा मोठा, पेटी लहान आणि किंमत कमी हवी म्हटल्यावर कारखानदार ॲल्युमिनियमचे पंख काटतो आणि त्यांच्या जागी एक लहानसा वेगवान पंखा बसवतो. आपल्याच यमनापूरला बॉक्साइटपासून ॲल्युमिना तयार होतो, आणि आपल्याच गाड्यांत ॲल्युमिनियमची अशी काटकसर!

कुणी म्हणेल, आवाज मोठा केला की पंखा ऐकू येत नाही, मग तक्रार कशाची? पण नेमके हेच मला मान्य नाही. मोठ्याने ऐकणाऱ्याला पंख्याचा त्रास नसतो. तो होतो हळू ऐकणाऱ्याला. मागच्या सीटवरच्या वृद्धाला, झोपलेल्या बाळाच्या आईला, दोन स्वरांमधली जागा ज्याला ऐकायची आहे त्याला. बनवणारा, विकणारा आणि बसवणारा या तिघांनीही त्याचा विचार सोडून दिला आहे. एका आवाजावर दुसरा मोठा आवाज चढवणे याला उपाय म्हणण्याची आपल्याला सवय झाली आहे, आणि ती केवळ मोटारीपुरती राहिलेली नाही.

आपल्या भागात अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत, उद्यमबागेत ॲल्युमिनियम ओतणारे आणि घासणारे हात आहेत, गाव तिथे गाडी सजवणारे दुकान आहे. प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थिमित्रांना माझी सूचना आहे: एक जुना ॲम्प्लिफायर घ्या, थर्मामीटर आणि ध्वनिमापक घ्या, आणि तापमान न वाढवता त्याचा आवाज १० डेसिबलनी उतरवून दाखवा. मराठी विभागातल्यांनी मोजावे, कन्नड विभागातल्यांनी तपासावे. आकड्यांना दोन्ही भाषा सारख्याच.

माझ्या गाडीत आता डी वर्गाचा लहान ॲम्प्लिफायर आहे, पंखा नसलेला. त्याच्यावर छापलेला आकडा पाहून दुकानदाराने मला दोनदा विचारले, "एवढाच पुरेल ना सर?" गेल्या खेपेला संकेश्वरला गाडी थांबवली तेव्हा अण्णांनी गिरणीची चौकशी केली नाही. आलाप संपेपर्यंत त्यांनी चहाचा कपही हातात घेतला नाही. मला तेवढे पुरले.