मांगर, गोठा आणि परवानगीचा कागद

खेड्यात राहते घर बांधायचे झाले तर माणसे आता परवानगीचा विचार करतात. गोठा, खोप किंवा शेतातली अवजारांची खोली बांधायची झाली, की मात्र हा विचार कोणाच्या मनातही येत नाही. "गोठ्याला कसली आलीय परवानगी?" हा प्रश्न विचारला जातो तोच मुळी उत्तर गृहीत धरून. या गृहीताची तपासणी करावी, असे आम्हांस वाटते. आमचे मत आरंभीच नोंदवतो: पक्के आणि टिकाऊ असे काही उभारायचे असेल, तर ते कागदावर आणावे. त्यामागचे आमचे कारण मात्र नेहमी सांगितले जाते ते, म्हणजे दंडाचे भय, नव्हे.

साहित्याच्या अभ्यासकांनी या विषयात का पडावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. आमच्या वर्गांतील बरेच विद्यार्थी शेतकरी कुटुंबांतून येतात. मराठी घेऊन एम. ए. करणाऱ्या मुलामुलीला घरचे लोक सुट्टीत कविता वाचून दाखवायला सांगत नाहीत. "तेवढा अर्ज लिहून दे" असे सांगतात. 1964 च्या राजभाषा अधिनियमानंतर राज्याचा कारभार मराठीत आला खरा, परंतु ती मराठी वाचणारा घरात एखादाच असतो. तो वाचणारा आपला विद्यार्थी असेल, तर हा विषय आपलाही आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. घराव्यतिरिक्तच्या अशा वास्तूंना मराठीत सर्वसमावेशक नाव नाही. सिंधुदुर्गात मांगर आहे, मराठवाड्यात आखाडा आहे, विदर्भात गुरांचा कोठा आहे. इतरत्र गोठा, खोप, छप्पर आहे. ही सारी नावे त्या जागेत काय चालते ते सांगतात. कचेरीला मात्र एकच शब्द ठाऊक आहे: 'बांधकाम'. हा शब्द क्षेत्रफळ आणि साहित्य यांविषयी बोलतो, वापराविषयी मौन पाळतो. गावकऱ्याला परवानगी अनाठायी वाटते याचे एक कारण या शब्दांतराशी आहे. आपण बांधकाम करतो आहोत असे त्याला वाटतच नाही; तो गुरांची सोय करत असतो.

गंमत अशी की, कायदा इतका अरसिक नाही. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने शेतघराची व्याख्या वापरावरूनच केली आहे. अवजारे, खत, वैरण व पीक साठवणे, गुरांना निवारा देणे, धारकाच्या कुटुंबाने वा गड्यांनी राहणे, या हेतूंनी शेतजमिनीवर उभारलेली वास्तू ती शेतघर मानते आणि ते उभारण्याचा धारकाचा हक्क मान्य करते. मोठ्या शहरांच्या आसपास या हक्काआडून बंगले उठू लागल्यावर 1986 च्या दुरुस्तीने ठरावीक क्षेत्रांत पूर्वपरवानगीची अट घातली गेली. याउलट 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाची दृष्टी वापराकडे नसून इमारतीकडे आहे. 2021 च्या आरंभी राज्याच्या ग्रामविकास खात्याने आणखी एक सवलत जाहीर केली होती. सुमारे 1600 चौरस फुटांपर्यंतच्या ग्रामीण बांधकामासाठी नगररचना खात्याकडे जाण्याचे कारण नाही. मालकीची कागदपत्रे, परवानाधारक अभियंत्याने तपासलेला आराखडा आणि शुल्क ग्रामपंचायतीत दिले म्हणजे पुरे, असा तिचा आशय होता. म्हणून "परवानगी लागते का?" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. जागा गावठाणात आहे की शेताच्या गटात, वापर कोणता, शहर किती जवळ, हे पाहिल्यावाचून ते देता येत नाही.

परवानगी न घेण्याच्या बाजूचे युक्तिवाद आम्ही हलके लेखत नाही. हेलपाट्यांत मजुरी बुडते. अभियंत्याची फी कधी छपराच्या खर्चाशी स्पर्धा करते. दरवर्षी गवताने शाकारायच्या खोपीसाठी नकाशा मागणे हास्यास्पदच. आजोबांनी कोणाला विचारले नव्हते, हेही खरे. परंतु या सर्वांखाली एक न बोललेले कारण असते, आणि आमच्या मते तेच मुख्य आहे.

एक उदाहरण देतो. आमच्यापैकी एकाच्या घरचा, सिंधुदुर्गातील काजूच्या बागेतला मातीच्या भिंतींचा मांगर पावसात खचला. तो चिऱ्यांत बांधून वर पत्रे घालावेत, असे ठरले. गुरे धाकट्या वहिनी सांभाळतात, त्यामुळे गरज त्यांची. खर्च मुंबईच्या थोरल्या भावाचा. परवानगीचा विषय निघताच दोघेही भाऊ "कशाला उगाच?" म्हणाले. सातबारा काढून पाहिल्यावर या 'उगाच'चा उलगडा झाला. जमीन सामाईक, वर सात नावे, त्यांत दोन आत्या. अर्ज करायचा म्हणजे सातही जणांची संमती हवी. ग्रामपंचायतीची वाट अर्ध्या तासाची होती, लग्न होऊन पन्नास वर्षे झालेल्या आत्याच्या दारात जाऊन "तुझ्या जमिनीवर बांधू का?" असे विचारण्याची वाट फार लांबची होती.

परवानगी टाळणे म्हणजे पुष्कळदा कचेरी टाळणे नसते, घरातल्या माणसाला विचारणे टाळणे असते. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातील मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. पण सामाईक जमिनीवर एक पक्का मांगर न विचारता उभा राहिला की त्या भागावर व्यवहारात कोणाचा ताबा, हे चिऱ्यांनीच ठरवून टाकलेले असते. पुढे वाटपाच्या वेळी "आम्ही इथे बांधलेय" हे वाक्य पुराव्यासारखे वापरले जाते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. उद्या भावाभावांत बिनसले, तर ज्या वहिनींनी तिथे गुरे वाढवली त्यांच्या हाती त्या मांगराविषयी एक ओळही नसते.

येथे एक सावधगिरीची सूचना, विशेषतः अर्ज लिहून देणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांसाठी. संमतिपत्र आणि हक्कसोडपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. पहिल्यात सहहिस्सेदार बांधण्यास हरकत नाही एवढेच सांगतो, दुसऱ्यात आपला हिस्साच सोडतो. सहीला निघालेच आहात तर दुसरेही उरकून घ्या, असा सल्ला देणारे गावोगाव भेटतात. आत्यापुढे ठेवायचा मजकूर तिला मोठ्याने वाचून दाखवावा, आणि "माझ्या हिश्श्यास बाधा न येता" हे शब्द त्यात असावेत. शब्दांची पारख शिकवतो असे आपण म्हणतो. ती येथे उपयोगी पडावी.

तसेच घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी, हा समजही सोडावा. ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीतील नोंद कर वसुलीसाठी असते. तिने मालकी सिद्ध होत नाही आणि बांधकाम अधिकृतही ठरत नाही. 2020 च्या निसर्ग आणि 2021 च्या तौक्ते चक्रीवादळांनी कोकणातली छपरे उडवली. अशा वेळी कागद लागतो. आपत्ती मदतीच्या केंद्रीय निकषांत पडलेले घर अधिकृत बांधकाम असावे अशी अट आहे, आणि मदतीस पात्र गोठा म्हणजे घरालगतचा गोठा. बागेतला मांगर या शब्दांत बसत नाही, हा निकषांचा दोष आहे आणि तो दूर व्हायला हवा. पण ज्या वास्तूची कुठेच नोंद नाही, तिच्या वतीने तशी मागणी तरी कोण करणार?

तेव्हा आमचा आग्रह असा. शासनाने लहान शेतवास्तूसाठी एक पानी अर्ज ठेवावा, अभियंत्याच्या आराखड्याची अट तिथे शिथिल करावी आणि अर्जात 'वापर' हा रकाना पहिला असावा. गवताची खोप या साऱ्यातून मोकळी असावी. चिरा, वीट वा सिमेंट आले की मात्र अर्ज करावा, लेखी पोच घ्यावी आणि ती सातबाऱ्याबरोबर जपून ठेवावी. त्याआधी सातबाऱ्यावरील प्रत्येक नावापर्यंत स्वतः जावे. त्यातली एखादी आत्या नाही म्हणेल. तसे म्हणण्याचा तिला अधिकार आहे, आणि तो तिला वापरू द्यावा.