वाढत्या अंगाचे वाहन

जून महिना उजाडला की आपल्याकडील गृहस्थ गणवेशाचे कापड काखोटीला मारून शिंप्याकडे जातो आणि मुलाची मापे देऊन झाल्यावर न विसरता बजावतो, ‘वाढत्या अंगाचा शिवा.’ या तीन शब्दांत आपल्या मध्यमवर्गीय संसाराचे सारे अर्थशास्त्र सामावलेले आहे. सदरा ढगळ झाला तर बाही दुमडता येते, बूट सैल झाला तर पुढच्या टोकाला कापूस कोंबता येतो, आणि वर्ष उलटण्याच्या आत मूल त्या वस्तूच्या मापाचे होऊन जाते. परंतु अलीकडे हाच न्याय अशा एका वस्तूला लावला जात असल्याचे आमच्या निदर्शनास येत आहे, की मूल मापाचे होईपर्यंत वाट पाहण्याचे सौजन्य जी दाखवीत नाही. ही वस्तू म्हणजे मुलासाठी घेतलेली जुनी क्वाड बाइक.

या वाहनाची कथा आपल्या मुलखात बहुधा समुद्रकिनारी सुरू होते. सुटीत नागाव किंवा काशीदच्या वाळूत भाड्याच्या क्वाडवर एक फेरी मारून आलेले मूल परतीच्या वाटेवरच हट्ट धरते. वडिलांची मुळशीकडे अथवा कर्जतकडे थोडीबहुत जागा असते. आणि नव्या गाडीची किंमत ऐकून जे मन कचरते तेच जुन्या गाडीच्या किमतीला सहज राजी होते. हंगाम संपल्यावर भाड्याने देणारे आपल्या थकलेल्या गाड्या भंगारात घालण्यापूर्वी एकदा विकून पाहतात. सौदा पक्का होण्याच्या बेतात असताना कोणीतरी शहाणा माणूस सुचवतो की एकदा मेकॅनिकला दाखवून घ्या, आणि अशा रीतीने ते वाहन आपल्या, म्हणजे या मासिकाच्या वाचकांच्या, दारात येऊन उभे राहते.

असाच एक प्रसंग आमच्या समक्ष घडला. दिवाळीच्या तोंडावर एक सद्गृहस्थ टेम्पोत दीडशे सीसीची एक क्वाड घालून घेऊन आले. सोबत नऊ वर्षांचा मुलगा होता. इंजिन सुरू केले, ते पहिल्याच प्रयत्नात सुरू झाले. धूर पाहिला, कॉम्प्रेशन पाहिले, चेन आणि स्प्रॉकेट पाहिले, ब्रेक पाहिले, आणि आमच्या तोंडून अनुभवी माणसाच्या ऐटीत निकाल बाहेर पडला की गाडी ठीक आहे. त्या निकालात एक अक्षरही खोटे नव्हते. मात्र त्यानंतर सहज म्हणून मुलाला बैठकीवर बसवले, तेव्हा त्याच्या पायांची बोटे जेमतेम फूटरेस्टला टेकली, आणि हँडल एका बाजूला पूर्ण वळवताच दुसऱ्या बाजूची मूठ त्याच्या हातातून निसटली. ‘पोहोचतील की हो पाय वर्ष-दोन वर्षांत,’ वडील म्हणाले, ‘तोवर हळू चालवील.’ गाडीची नाडी पाहण्यात आम्ही अर्धा तास घालवला होता आणि जो ती चालवणार त्याच्याकडे पाहण्याचे आम्हाला अखेरीस सुचले होते, याची लाज आजही वाटते. शेवटी गाडी परत गेली आणि त्या गृहस्थांचा इसार बुडाला. मुलाला आधी बसवून पाहिले असते, तर विक्रेत्याच्या अंगणातच प्रश्न मिटला असता.

या चुकीचे मूळ यंत्राविषयीच्या आपल्या समजुतीत आहे. दुचाकीच्या कारागिराला हँडल दिसल्यामुळे क्वाड ही दुचाकीची धाकटी बहीण वाटते, मोटारीच्या कारागिराला चार चाके दिसल्यामुळे ते मोटारीचे पिल्लू वाटते, आणि दोघेही फसतात. दुचाकी वळताना स्वतः कलते. क्वाड कलत नाही. मोटारीला डिफरन्शियल असतो, त्यामुळे वळणावर मागची दोन्ही चाके वेगवेगळ्या गतीने फिरू शकतात. मुलांच्या बहुतेक क्वाडना मागे एकच अखंड ॲक्सल असतो आणि दोन्ही चाकांना सारखेच फेरे घ्यावे लागतात. वळणात बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापायचे असल्यामुळे आतल्या चाकाने घसरल्याखेरीज गाडी वळतच नाही. हे साधण्यासाठी चालवणाऱ्याने अंग वळणाच्या आतल्या बाजूला झुकवावे आणि भार मात्र बाहेरच्या फूटरेस्टवर द्यावा लागतो. तात्पर्य, मोटारीत जे काम गिअर करतात ते येथे चालकाच्या देहाने करावयाचे असते. क्वाडची बैठक लांब असते ती याच हालचालीसाठी. आणि आपल्याकडे, जेथे स्कूटरवर चौघांचे कुटुंब बसते, तेथे ही लांब बैठक पाहताच धाकट्या बहिणीला मागे बसवण्याचा मोह होतो. मागे दुसरे कोणी बसले की पुढच्याला हलायला जागा उरत नाही आणि यंत्राचा जो खरा डिफरन्शियल, तोच जखडला जातो.

यावरून गणित करून पाहावे. प्रौढांसाठीची सुमारे तीनशे किलोची क्वाड पंचाहत्तर किलोचा माणूस चालवतो, तेव्हा देह आणि यंत्र यांचे प्रमाण एकास चार पडते. पंचवीस किलोच्या मुलाला हेच प्रमाण हवे असेल तर शंभर किलोहून जड गाडी त्याला देता कामा नये. आणि अडीचशे किलोची गाडी ‘वाढत्या अंगाची’ म्हणून त्याच्या स्वाधीन केली, तर प्रमाण एकास दहावर जाते. मग तो मुलगा कितीही चपळ असो, आपल्या देहाने त्या यंत्राला वळण देणे त्याला शक्य नाही, आणि ते उलटल्यास त्याखालून निघणे तर त्याहूनही शक्य नाही. हळू चालवण्याच्या अटीने या हिशोबात फरक पडत नाही, कारण उतारावर आणि बांधावर क्वाड मंद गतीतही उलटते.

मापे घेण्याची रीत कठीण नाही आणि तिला फूटपट्टीपलीकडे हत्यार लागत नाही. मुलाला फूटरेस्टवर सरळ उभे करावे. बैठक आणि त्याची विजार यांच्यामध्ये किमान तीन इंच अंतर राहिले पाहिजे. बसल्यावर कोपर किंचित वाकलेले असावे, आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवले तरी मुठी सुटता कामा नयेत, अंगठा थ्रॉटलवरून ढळता कामा नये. बोटे सरळ पसरली असता मधल्या बोटाचे टोकाकडील पहिले पेर ब्रेकच्या दांडीच्या पुढे गेले पाहिजे, नाहीतर संकटाच्या क्षणी मूल ब्रेककडे केवळ पाहत राहील. यांपैकी एका जरी कसोटीत मूल उतरले नाही, तर पुढील तपासणी करण्याचे प्रयोजनच नाही.

कसोटीत मूल उतरले, तर मग गाडीकडे वळावे, आणि येथे मात्र आपल्या अनुभवाची खरी किंमत आहे. किनाऱ्यावर भाड्याने फिरलेल्या गाडीची झीज किलोमीटरच्या आकड्यात दिसत नाही. ती खाऱ्या हवेने फ्रेमच्या वेल्डिंगखाली, मागच्या ॲक्सलच्या बेअरिंगमध्ये आणि वायरिंगच्या हिरव्या पडलेल्या तांब्यात लिहून ठेवलेली असते. ताज्या रंगाखाली पाहण्यासाठी रंग खरवडण्यास विक्रेत्याने हरकत घेतली, तर ती हरकत हाच पुरावा समजावा. गाडी जॅकवर उचलून प्रत्येक चाक वर-खाली आणि आडवे हलवावे, म्हणजे टाय रॉडचे सांधे, बॉल जॉइंट आणि मागच्या फोर्कचे बुश आपली हकीगत स्वतःच सांगतात. मागचे दोन्ही टायर एकाच व्यासाचे आहेत की नाहीत हे मोजावे, कारण अखंड ॲक्सलवर एक नवा आणि एक झिजलेला टायर बसवला तर गाडी सतत एका अंगाला ओढत राहते. टायरमधील हवा हा आपल्या गॅरेजांतील नित्याचा अपराध आहे. लहान क्वाडला तीन ते पाच पौंड हवा पुरते. मोटारीच्या मापाने वीस-पंचवीस पौंड भरली की ती दगडागणिक चेंडूसारखी उसळते, आणि मोटारीचा गेज इतका खालचा आकडा नीट दाखवत नसल्यामुळे कमी दाबाचा वेगळा गेज बाळगणे अगत्याचे आहे.

याहून महत्त्वाच्या दोन वस्तू आहेत, आणि जुन्या गाडीत त्याच बहुधा गहाळ असतात. पहिली थ्रॉटलच्या घरावरील मर्यादेचा स्क्रू: पालकांनी मुलाच्या कुवतीप्रमाणे वेग आवळून ठेवावा म्हणून निर्मात्याने तो दिलेला असतो आणि आधीच्या मालकाच्या मुलाने तो केव्हाच मागे फिरवलेला असतो. दुसरी मुलाच्या मनगटाला किंवा कपड्याला अडकवायची दोरी, जी सुटताच किल स्विच इंजिन बंद करतो. ती हरवली की कोणी तारेने स्विच कायमचा जोडून टाकतो आणि पुढे त्याचा विसर पडतो. गाडीची मागची चाके अधांतरी ठेवून, इंजिन चालू असताना, ही दोरी आपल्या हाताने ओढून पाहिल्याशिवाय ‘गाडी ठीक आहे’ हे शब्द कोणत्याही कारागिराने उच्चारू नयेत.

दस्तऐवजांविषयीही एक खुलासा आवश्यक आहे. अशा गाड्यांची नोंदणी सामान्यतः झालेली नसते. सबब मालकीचा पुरावा म्हणून मूळ बिल आणि विक्रेत्याच्या सहीचे खरेदीपत्र एवढेच हाती येते, आणि ते चॅसिसवरील क्रमांकाशी पडताळून घेणे इष्ट. ‘छोटे इंजिन, त्याला कायदा लागू नाही’ असा एक समज बाजारात प्रचलित आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील पंचवीस सीसीपर्यंतची सूट चारपेक्षा कमी चाकांच्या वाहनांनाच आहे, आणि सोळाव्या वर्षी मिळणारी सवलत पन्नास सीसीपर्यंतच्या मोटारसायकलपुरतीच आहे. क्वाड या दोहोंतही बसत नाही. ज्या जागी जनतेला जाण्याचा हक्क आहे ती सार्वजनिक जागा, अशी कायद्याची व्याख्या असल्यामुळे गावचा रस्ताच काय, समुद्राची पुळणही त्यातून सुटत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ अन्वये अल्पवयीनाच्या अशा अपराधासाठी पालक किंवा वाहनमालक यांस तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. स्वतःच्या कुंपणाच्या आत, हाच या वाहनाचा इलाखा, हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगण्यात संकोच बाळगू नये.

ज्या देशात या वाहनाचा बाजार प्रथम फोफावला, त्या अमेरिकेने मापाचा हा धडा पुष्कळ किंमत देऊन गिरवला आहे. १९७० साली होंडाने तीन चाकांची गाडी आणली, १९८२ साली सुझुकीने चार चाकांची. आणि अपघातांची संख्या अशी वाढली की १९८८ साली सरकार आणि निर्माते यांच्यात न्यायालयीन करार होऊन तीन चाकांच्या गाड्यांची विक्री बंद झाली, आणि सोळा वर्षांखालील मुलांसाठी नव्वद सीसीहून मोठी गाडी विकू नये असे ठरले. पुढे इंजिनाच्या मापाऐवजी वय आणि वेग यांवर वर्ग पाडण्यात आले. सहा वर्षांवरील वर्गाची गाडी ताशी पंधरा मैलांहून अधिक धावू नये, असा तेथील दंडक आहे. बालरोगतज्ज्ञांच्या तेथील संस्थेला हेही पुरेसे वाटत नाही. सोळा वर्षांच्या आतील मुलाने क्वाड चालवूच नये असे तिचे मत आहे, आणि ते प्रत्येक पालकाच्या कानी घालणे हे आपले कर्तव्य आम्ही मानतो.

याच देशातील आणखी एक हकीगत उद्बोधक आहे. २००८ च्या कायद्याने बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंतील शिशाचे प्रमाण मर्यादित केले, आणि बॅटरीच्या टोकांत व पितळी भागांत शिसे असल्यामुळे फेब्रुवारी २००९ मध्ये मुलांच्या मापाच्या क्वाड दुकानांतून एकाएकी अदृश्य झाल्या. मुले काही बॅटरी चाटत नव्हती. पण लहान गाडी मिळेना म्हणून ती मोठ्यांच्या गाड्यांवर बसतील, ही भीती मात्र खरी होती. अखेर ऑगस्ट २०११ मध्ये या गाड्यांना सूट द्यावी लागली. लहान मापाची गाडी चोखंदळपणे नाकारायची आणि मोठी विनातक्रार चालवून घ्यायची, हा प्रमाद कायदेमंडळाकडून घडला तसा आपल्या गॅरेजमध्येही घडतो.

सबब आमची व्यवसायबंधूंना एक विनंती आहे. मुलासाठीची जुनी क्वाड तपासणीस आली, तर तपासणीच्या कागदावर इंजिन नंबर आणि चॅसिस नंबर यांच्या आधी मुलाचे वय, उंची आणि वजन लिहावे, आणि त्याखाली वर सांगितलेल्या मापांचे निकाल. तपासणीची मजुरी एकच असावी, मग सौदा होवो अथवा मोडो. म्हणजे नकार देताना आपले हित आड येणार नाही. आणि गिऱ्हाइकाने मुलाला सोबत आणले नसेल, तर गाडी टेम्पोतून खाली उतरवून घेऊ नये.