‘आपल्यात नाही’ हे पालुपद आता पुरे!



‘असली थेरं मुंबई-पुण्याकडची. आपल्या बडोद्यात नाहीत, आणि असली तरी आपल्या घरांत नाहीत,’ हे ऐकून कान किटले. ऑगस्ट २०२२ मध्ये गुजरात एटीएसने सावली तालुक्यातील मोक्सी गावाजवळच्या कारखान्यातून सुमारे २२५ किलो मेफेड्रोन पकडले. पोरांच्या भाषेत हेच ‘एमडी’. त्याच वर्षाअखेर सिंधरोटला पुन्हा साठ किलोहून अधिक सापडले. एमडी शेतात पिकत नाही, रसायनांतून तयार होते. तेव्हा रासायनिक कारखान्यांच्या पट्ट्यात राहून ‘आपल्याकडे नाही’ म्हणणे ही शुद्ध आत्मवंचना आहे.

दुसरा वर्ग म्हणतो, ‘भर चौकात फाशी द्या!’ या मंडळींनी कायदा वाचला आहे काय? एमडी फेब्रुवारी २०१५ मध्ये एनडीपीएस कायद्याखाली आले. शिक्षा ठरते वजनावर. २ ग्रॅमपर्यंत ‘अल्प’ माल, म्हणजे १ वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून अधिक, पण ५० ग्रॅमपर्यंत असल्यास १० वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. ५० ग्रॅमच्या वर गेले की किमान १० आणि कमाल २० वर्षे, शिवाय दंड १ ते २ लाख. तेथे जामीन मिळणेही महाकठीण. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानुसार वजन भेसळीसकट धरतात. १० ग्रॅम एमडीत ५० ग्रॅम दुसरी भुकटी मिसळली, तर कायद्याच्या काट्यावर ते ६० ग्रॅम!

‘मित्राने ठेवायला दिले होते’ एवढे म्हणून सुटका होत नाही. ताबा सिद्ध झाला की आपल्याला ठाऊक नव्हते हे आरोपीनेच पटवून द्यायचे. घर, खोली किंवा वाहन अशा कामासाठी जाणूनबुजून वापरू दिले, तर मालकालाही तीच शिक्षा. वाड्यातल्या खोल्या आणि शेड भाड्याने देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कायदा कडक आहेच. पण त्याच कायद्यात एक दार उघडे ठेवले आहे. कलम ६४-अ सांगते की व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प मालाचा आरोप असला आणि तो स्वेच्छेने सरकारमान्य केंद्रात उपचार घेऊन ते पूर्ण करील, तर त्याच्यावर खटला चालत नाही. या दाराशी आपण पोराला नेतो का? नाही! लोक काय म्हणतील म्हणून मामाकडे धाडतो, नाहीतर ‘लग्न झाले की सुधारेल’ म्हणून परक्याच्या मुलीचा बळी देतो. तोवर व्यसन वाढते. पैसे पुरत नाहीत म्हणून पोरगा दुसऱ्याच्या पुड्या पोहोचवू लागतो. वजन वाढते आणि ते दार कायमचे बंद होते. त्याला तुरुंगापर्यंत नेणाऱ्यांत आपली अब्रूही असते, हे कबूल करा.

सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. पोर शाळेत गेले नाही तर दंड आईबापांना होई. पोराची जबाबदारी प्रथम घराची, हा धडा आपल्याच राज्यकर्त्याने घालून दिला आहे. त्याच्या पुतळ्याला हार घालणाऱ्यांना तो विसरता येणार नाही.

म्हणून मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, एवढेच विचारा: आमच्या प्रभागापासून जवळचे मान्यताप्राप्त व्यसनमुक्ती केंद्र कोठे आहे? तेथे खाटा किती, डॉक्टर किती? उत्तर नसेल तर कोट्यवधींच्या छाप्यांची फुशारकी आम्हाला ऐकवू नका. आणि आपल्या प्रत्येक मंडळाने एक वकील व एक डॉक्टर असे नेमावेत, की ज्यांच्याकडे आईबाप रात्री-अपरात्री निःसंकोच जाऊ शकतील.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. या मुठीत मात्र आपलेच पोर गुदमरते आहे. मूठ उघडा!