तीन शिंगाड्यांचें घराणें

एकादशीच्या फराळांतला शिंगाडा आणि जपानचे अजस्र कारखाने यांचा संबंध जोडला तर आमच्या वाचकभगिनी हंसतील. पण ‘मित्सुबिशी’ या जगप्रसिद्ध नांवांतील ‘मित्सु’ म्हणजे तीन, आणि ‘हिशी’ म्हणजे शिंगाडा. पत्त्यांतील चौकटीसारख्या आकृतीसहि जपानी लोक हाच शब्द लावतात. इवासाकी घराण्याचें कुलचिन्ह अशा तीन चौकटींचें होतें, व त्यांच्या तोसा प्रांताच्या सरदारांचें ओक वृक्षाच्या तीन पानांचें. या दोहोंच्या मिलाफांतून आज सर्वत्र दिसणारें तें तांबडें बोधचिन्ह निघालें.

घराण्याचा मूळ पुरुष यातारो इवासाकी. त्याचा जन्म १८३५ सालचा. आगबोटींच्या धंद्यांत नांव काढून त्यानें १८८४ सालीं नागासाकी येथील सरकारी जहाजकारखाना भाड्यानें घेतला. शोगुनांच्या राजवटींत, १८५७ मध्यें, डच लोकांच्या साहाय्यानें सुरू झालेल्या लोखंडकामांतून तो कारखाना वाढला होता. पुढल्याच वर्षीं यातारो वारला. त्याच सालीं आगबोटींची शाखा प्रतिस्पर्ध्यांशीं एक होऊन ‘निप्पॉन यूसेन काइशा’ ही वेगळी कंपनी झाली. हिनेंच १८९३ सालीं जमशेटजी टाटांच्या सहकार्यानें मुंबईची फेरी सुरू करून आपल्याकडील कापूस जपानी गिरण्यांस पोंचविला.

यातारोमागें गादी कोणाकडे गेली, हें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांनीं पाहण्याजोगें आहे. प्रथम ती धाकटा भाऊ यानोसुके याजकडे गेली. त्याच्यामागून यातारोचा मुलगा हिसाया आला, आणि हिसायामागून त्याचा मुलगा नव्हे, तर यानोसुकेचा मुलगा कोयाता! काका-पुतण्यांच्या गादीचा शेवट कसा होतो, हें पेशवाईचा इतिहास वाचलेल्यांस सांगणें नको. येथें मात्र ती एका शाखेकडून दुसरीकडे जात राहिली आणि दौलत वाढतच गेली.

कोयाताच्याच अमदानींत, १९३४ सालीं, जहाजें व विमानें यांचे कारखाने एकत्र होऊन ‘मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीज’ हें नांव पडलें. ‘मुसाशी’ ही प्रचंड युद्धनौका नागासाकीस बांधली गेली, आणि ‘झीरो’ लढाऊ विमानाची रचनाहि याच कंपनीची. पराभवानंतर विजेत्यांनीं मोठीं औद्योगिक घराणीं मोडलीं. १९५० सालीं या कंपनीच्या तीन कंपन्या झाल्या, व १९६४ सालीं त्या पुन्हां एक झाल्या. नागासाकीच्या गोदींत १९०९ सालीं स्कॉटलंडहून आणून उभारलेली दीडशें टनांची विजेची यारी मात्र अणुबाँबमधूनहि वांचली.

आज या कंपनीचा पसारा पृथ्वीभर आहे. दुबईस नोकरीनिमित्त राहणारीं आपलीं मुलें-सुना ज्या चालकाविना धांवणाऱ्या मेट्रोंतून जातात, ती हिच्या पुढाकारानें झालेल्या संघानें बांधली व २००९ सालीं सुरू झाली. २०२० मध्यें अरब अमिरातींचें यान मंगळाकडे निघालें तें हिच्याच अग्निबाणावरून. आमच्या मतें हिचें खरें कसब वायूवर चालणाऱ्या वीजयंत्रांत आहे. त्यांतील उष्णता सुमारें १६०० अंशांवर जाते. ज्या धातूचीं पातीं घडवायचीं तो धातुच त्या आंचेंत वितळावयाचा! म्हणून पात्यांच्या पोटांतून बारीक वाटांनीं हवा खेळवितात व वरून चिनी मातीच्या जातीचा पातळ लेप देतात. अशीं मोठीं यंत्रें करणारे प्रमुख कारखानदार जगांत तीनच, व हे त्यांतले एक. उलट प्रवासी विमानाचा प्रयत्न फसला. २००८ सालीं हातीं घेतलेलें विमान २०१५ सालीं उडालें, पण परवान्याच्या पायऱ्या चढतां चढतां २०२३ सालीं तो नाद सोडावा लागला. दुसऱ्यांच्या विमानांचे पंख मात्र कंपनी उत्तम करते. बोइंगच्या ७८७ विमानाचे पंख नागोया येथें होतात.

याच नागोयास १९४४ सालीं कोरियांतील तेराचौदा वर्षांच्या मुलींना विमानांच्या कामास आणलें होतें. शाळा मिळेल, पगार मिळेल असें सांगून आणलें. मिळालें केवळ काम. त्या डिसेंबरांतील भूकंपांत त्यांतल्या सहा मुली दगावल्या. उरलेल्या म्हाताऱ्या होऊन न्यायालयांत गेल्या व जपानांत हरल्या. २००९ सालीं जपानी सरकारी खात्यानें त्यांना निवृत्तिवेतनाचा परतावा म्हणून प्रत्येकीं ९९ येन दिले. तेवढ्यांत एक वेळचें जेवणहि झालें नसतें.

हिरोशिमाच्या कारखान्यांत राबविलेल्या कोरियन पुरुषांच्या खटल्यांत, युद्धकाळांतली कंपनी निराळी व आजची निराळी, असा युक्तिवाद झाला. आमच्या जुन्या धर्मशास्त्रानें वडिलांची मिळकत घेणाऱ्यास वडिलांचें ऋणहि सांगितलें आहे. जी कंपनी आपली स्थापना १८८४ ची म्हणून अभिमानानें सांगते, तिनें मधलीं कांहीं वर्षें दुसऱ्या कोणाचीं म्हणावीं, हें आम्हांस पटत नाहीं. कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयानेंहि २०१२ सालीं तें मानलें नाहीं, व २०१८ च्या नोव्हेंबरांत नागोयाच्या स्त्रिया आणि हिरोशिमाचे कामगार या दोघांसहि भरपाई देण्याचा हुकूम केला. १९६५ च्या करारानें सर्व देणें फिटलें, असें जपान सरकार म्हणतें. कंपनीनें पैसे दिले नाहींत. २०२३ सालीं कोरियाच्याच सरकारनें एका निधींतून ती रक्कम देऊं केली. कित्येकांनीं ती घेतली. कांहीं वृद्धांनीं, देणें ज्याचें त्यानेंच फेडावें म्हणून, प्रारंभीं ती नाकारली.