सिमेंटच्या पत्र्याचा गारवा

आटपाडीच्या उन्हाळ्यात छपराचा विचार ही चैन नव्हे. माणदेशाच्या या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात झाडाची सावली मुळात विरळ, आणि लोखंडी पत्र्याखाली एप्रिलच्या दुपारी बसवत नाही. स्लॅबचा खर्च झेपत नसेल तर माणूस सिमेंटचा पत्रा घालतो. घरावर, गोठ्यावर, दुकानावर. लोखंडापेक्षा गार, गंजत नाही, पावसाचा आवाज कमी, अशी त्याची ख्याती. हा पत्रा बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचा असतो, आणि त्याबद्दल दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, इतकी वर्षे डोक्यावर आहे, काय झाले? दुसरे अर्धवट ऐकून म्हणते, आजच फोडून टाका, आणि ऊन अडवणारे कुठलेच कारखानी साहित्य घरात नको. पहिले मत चुकीचे आहेच. दुसरे त्याहून कमी घातक नाही.

पत्र्याच्या समर्थकांचा मुख्य मुद्दा असा, की आपल्याकडे वापरतात ते पांढरे अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे क्रायसोटाइल, आणि तेही सिमेंटमध्ये घट्ट बसलेले. यातला पहिला भाग टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने क्रायसोटाइलसह सर्व प्रकारचे अ‍ॅस्बेस्टॉस माणसाला कर्करोग करणारे म्हणून पहिल्या गटात घातले आहे. फुफ्फुसाचा कर्करोग आणि फुफ्फुसावरच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हे त्यातले मुख्य आजार. दुसरा भाग अर्धा खरा आहे. अखंड पत्र्यातून तंतू फारसे सुटत नाहीत, आणि त्याखाली राहणाऱ्याचा धोका कारखान्यातल्या कामगारापेक्षा पुष्कळ कमी, हे मान्य करायला हवे. पण पत्रा अखंड राहतो कुठे? हुकासाठी त्याला भोके पाडतात, मापासाठी कटर लावतात, वळवाच्या वाऱ्यात तो फुटतो आणि तुकडे भरावात जातात. कटरच्या धुरळ्यात उभा राहणारा मिस्त्री नाकाला फडकेही बांधत नाही, आणि साध्या फडक्याने हे सूक्ष्म तंतू अडतही नाहीत.

‘काय झाले?’ या प्रश्नाचे उत्तर काळात आहे. तंतू छातीत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत बहुधा वीस ते चाळीस वर्षे जातात. म्हणून तर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान चाळीस वर्षे जपायला सांगितले. मुंबईतल्या एका अ‍ॅस्बेस्टॉस गिरणीतल्या कामगारांचा डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात अनेकांना फुफ्फुसे निबर करणारा अ‍ॅस्बेस्टॉसिस आढळला. आणि हा फक्त कामगारांचा प्रश्न म्हणावा, तर इटलीतले कासाले मोनफेराटो आठवावे. तिथल्या सिमेंट-अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्याचा टाकाऊ भुगा लोकांनी अंगणात पसरला, उष्णता अडवायला माळ्यावर भरला. कारखान्यात कधी पाऊल न टाकलेली माणसेही तिथे मेसोथेलिओमाने गेली.

धोका असता तर सरकारने बंदी घातली नसती का, हा पुढचा आक्षेप. सरकारने १९८६ पासून अ‍ॅस्बेस्टॉसचे नवे खाणपट्टे देणे थांबवले. आयात मात्र चालू ठेवली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सरसकट बंदीची मागणी मान्य केली नाही. युरोपीय संघाने २००५ पर्यंत, ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली, अमेरिकेने २०२४ साली क्रायसोटाइलला दार बंद केले. आपल्या जमिनीतून काढायला नको असलेली वस्तू बाहेरून आणून छपरावर घालायची, यातले शहाणपण मला समजलेले नाही. बरे, गारवा तरी केवढा? पत्र्याची जाडी साधारण सहा मिलिमीटर. एवढ्याशा जाडीत ऊन अडते ते नावापुरते. वर शेवाळ धरून पत्रा काळा पडला की तोही तापतो.

पण म्हणून पत्रे फोडू नयेत. शाबूत पत्रा फोडणे म्हणजे बसलेले तंतू स्वतःच्या हाताने उधळणे. शिवाय जुना पत्रा ठिसूळ; त्यावर चढून खाली कोसळणे हा धोका तर वीस वर्षे वाटही पाहत नाही. आणि ऊन अडवणेच सोडले, तर म्हातारे, तान्ही बाळे आणि आजारी माणसे तापलेल्या छपराखाली राहतात. उष्माघात याच उन्हाळ्यात गाठतो. प्रत्येक साहित्याचा दोष वेगळा तोलावा लागतो. काचेच्या लोकरीने अंग खाजते, घसा धरतो. पण घरबांधणीतल्या काचलोकरीला त्याच कर्करोग संस्थेने २००१ साली संशयितांच्या गटातून खाली आणले. थर्माकोल रोजच्या वापरात निरुपद्रवी, पण चुलीवर किंवा उघड्या वायरीजवळ लावला तर आग आणि विषारी धूर. जुन्या माळवदाची पांढरी माती खरोखर गार ठेवते. मात्र मातीत रचलेल्या दगडी भिंतींवर तिचे ओझे काय करते, हे १९९३ साली किल्लारीच्या भूकंपाने दाखवले. तेव्हा माळवदाचे गोडवे गाताना भिंतीही पाहाव्यात.

उरतो खर्चाचा आक्षेप, आणि तो खरा आहे. अ‍ॅस्बेस्टॉसविरहित तंतूंचा सिमेंट पत्रा महाग पडतो. पण छपरावर चुन्याचा पांढरा हात देणे कुणालाही परवडते. अहमदाबादने उष्णता-आराखड्यात वस्त्यांची छपरे पांढरी करण्याचा मार्ग धरला तो याचसाठी. फक्त जुना सिमेंटचा पत्रा आधी खरवडू नये, आणि त्यावर चढूही नये. शिडीवरून लांब दांड्याच्या ब्रशने जेवढे होईल तेवढे करावे. डाळिंबावर शेडनेट ताणणाऱ्या तालुक्याला तेच कापड वेगळ्या खांबांवर छपरापासून हातभर उंच ताणणे अवघड नाही. नवी शाळा, अंगणवाडी किंवा घरकुल यांवर अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा नको, एवढा ठराव ग्रामसभेला करता येतो. जुना पत्रा उतरवायचाच झाला, तर पाणी मारून, हुक सोडवून, अख्खा उतरवावा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावा, आणि तुकडे ठेवायची एक जागा ग्रामपंचायतीने ठरवून द्यावी. मिस्त्रीला योग्य मास्क देण्याचा खर्च घरमालकाचा.