मन कामात का लागत नाही?

आपल्या कारखानदार आणि दुकानदार बांधवांत एक रिवाज चांगलाच रुजला आहे. धंदा मंदावला, माल परत येऊ लागला, कारागीर टिकेनासे झाले की एखाद्या वक्त्याला बोलावून कामगारांपुढे 'सकारात्मक विचारां'वर भाषण ठेवायचे. भाषण होते, चहा-बिस्किटे होतात, फोटो निघतात. आठ दिवसांनी माल पूर्वीसारखाच परत येतो. मग मालक म्हणतात, "या लोकांची वृत्तीच निगेटिव्ह आहे. कामात मनच नाही यांचे." मालेगाव-भिवंडीचे यंत्रमागधारक असोत की बाजारपेठेतले दुकानदार, हे वाक्य आम्ही इतक्यांच्या तोंडून ऐकले आहे की त्याची एकदा नीट तपासणी व्हावी असे वाटते.

वृत्तीला काही अर्थच नाही, असे आमचे म्हणणे नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी १९८० च्या दशकात मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीच्या एजंटांचा अभ्यास केला होता. गिऱ्हाईक नाही म्हणाले तर 'आपल्यालाच हे जमत नाही' असे मानून खचणारे एजंट कमी विमे विकत आणि नोकरीही लवकर सोडत. 'आज जमले नाही, उद्या दुसरीकडे जाऊ' असे म्हणणारे टिकत आणि जास्त विकत. दारोदार हिंडणाऱ्या, नकार पचवणाऱ्या कोणत्याही फेरीवाल्याला हे अभ्यासाविना ठाऊक आहे.

पण याच विषयाची दुसरी बाजू भाषणांत कधी येत नाही. न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवणाऱ्या गाब्रिएले ओटिंगेन यांनी पदवी घेऊन नोकरी शोधणाऱ्या तरुणांची पाहणी केली आणि ती २००२ साली प्रसिद्ध झाली. उत्तम नोकरी मिळाल्याची गोड चित्रे जे मनात वारंवार रंगवत, त्यांना दोन वर्षांनी नोकरीची बोलावणी कमी आली होती आणि पगारही कमी मिळत होता. उलट मागच्या अनुभवावरून 'आपल्याला जमेल' असा अंदाज बांधणाऱ्यांचे बरे चालले होते. आपल्याकडे शेखचिल्लीची गोष्ट लहान मुलालाही माहीत आहे, त्यामुळे याचे फार नवल वाटू नये. अनुभवातून आलेला भरवसा हाताला बळ देतो, नुसते मनोराज्य हात ढिले करते. मग प्रश्न असा की कामगाराला भरवसा वाटावा असा अनुभव त्याला कारखान्यात येतो का? आणि भरवसा असला तरी लक्ष द्यायला त्याचे मन मोकळे असते का?

साध्या यंत्रमागाचेच उदाहरण घेऊ, कारण आपल्या हजारो घरांची चूल त्यावर पेटते. धोटा मिनिटाला दीडशेच्या आसपास फेऱ्या मारतो. इंचाला पन्नास बाणे असतील तर मिनिटाला तीन इंच कापड विणले जाते. बाण्याचा धागा तुटला किंवा कांडी संपली तर माग आपोआप थांबतो. पण बऱ्याच जुन्या साध्या मागांवर ताण्याचा एखादा धागा तुटला तर माग थांबत नाही. तो खडखडत पुढे चालतच राहतो आणि कापडात एक उभी रेघ धावू लागते. कारागिराची नजर दहा मिनिटे दुसरीकडे राहिली की अडीच फूट कापड बिघडले. व्यापाऱ्याच्या पेढीवर घडी उघडली की त्याचा बट्टा लागतो, आणि तो फिरून कारागिराच्या मजुरीतून कापला जातो.

आता त्या कारागिराकडे पाहा. त्याच्याकडे चार, सहा, कुठे आठ किंवा त्याहूनही जास्त माग. पाळी बारा तासांची. आवाज एवढा की शेजाऱ्याशी बोलायचे तर तोंड त्याच्या कानाशी न्यावे लागते. मुरलेला कारागीर या गोंगाटातही आपल्या मागाचा बदललेला ठोका ओळखतो, आणि धागा तुटायच्या बेताला आला की त्याचा हात आधीच तिकडे जातो. हा हुन्नर आहे. इथे 'मन लागणे' म्हणजे नजर आणि कान शाबूत असणे. अकराव्या तासाला ते तसे राहत नाहीत, मग वृत्ती कितीही चांगली असो.

नेमक्या याच अडचणीवर एका सुताराच्या मुलाने तोडगा काढला होता. जपानचे साकिची तोयोदा यांनी घरी आईला हातमागावर राबताना पाहिले होते. त्यांनी आयुष्यभर मागावरच काम केले आणि धागा तुटताच स्वतः थांबणारा माग बनवला. १९२४ साली त्यांचा पूर्ण स्वयंचलित माग तयार झाला. धागा तुटला की माग उभा राही, त्यामुळे एकाच कारागिराला कितीतरी माग सांभाळता येऊ लागले, आणि तेही रात्रंदिवस डोळे ताणून न बसता. १९२९ साली इंग्लंडच्या ओल्डहॅम येथील प्लॅट ब्रदर्स या नामांकित यंत्र कंपनीने एक लाख पौंडांचा करार करून त्याचे हक्क घेतले. मँचेस्टरच्या शेजारच्या इंग्रजांनी जपानी माणसाकडून माग विकत घ्यावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. साकिचींचे चिरंजीव किइचिरो यांनी पुढे मोटारी बनवायला घेतल्या आणि १९३७ साली टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली. दोष दिसताच काम थांबवायचे, हा मागावरचा नियम त्या कंपनीने मोटारीच्या कारखान्यातही नेला.

तो नियम माणसांवर काय परिणाम करतो, हे पुढे अमेरिकेत दिसले. कॅलिफोर्नियातील फ्रीमॉंट येथे जनरल मोटर्सचा कारखाना होता. तिथले कामगार बदनाम होते. गैरहजेरी प्रचंड, तक्रारींचे ढीग, कामावर दारू आणि गाड्यांचा दर्जा खालचा. १९८२ साली कंपनीने कारखान्याला कुलूप लावले. १९८४ साली टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारीत तोच कारखाना पुन्हा सुरू केला आणि बहुतेक कामगार जुनेच घेतले. युनियनही तीच. शेकडो कामगारांना जपानला नेऊन काम दाखवले. जुन्या व्यवस्थेत चालती लाइन थांबवणे हा मोठा गुन्हा होता, चुकीची गाडी तशीच पुढे ढकलायची. नव्या व्यवस्थेत प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर एक दोरी होती. काही चुकले तर त्याने ती ओढायची, मुकादमाने धावत येऊन मदत करायची, आणि वेळेत दुरुस्त झाले नाही तर लाइन थांबायची. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा जपानमधल्या कारखान्याच्या बरोबरीला आला आणि गैरहजेरी पार खाली आली. ती भागीदारी २०१० साली संपली आणि त्या जागेत आता टेस्लाच्या गाड्या बनतात, पण हा धडा कारखानदारीच्या पुस्तकांत कायम राहिला आहे. तिथे जपानी व्यवस्था रुजवण्याच्या कामात असलेले जॉन शुक यांनी २०१० साली यावर लेख लिहिला. त्याचा मथितार्थ असा की आधी कामाची रीत बदलली, वृत्ती तिच्या मागून बदलली.

आपल्याकडे क्रम नेमका उलटा धरला जातो. भाषणाने वृत्ती बदलेल आणि मग काम सुधारेल, ही अपेक्षा. दरम्यान कारागिराने चूक स्वतःहून दाखवली तर बट्टा त्याच्याच माथी. अशा ठिकाणी शहाणा माणूस चूक घडीच्या आत दडवतो. त्याला निगेटिव्ह म्हणायचे की व्यवहारी, हे वाचकांनीच ठरवावे.

दुसरी बाब अधिक नाजूक आहे, आणि ती आपल्या खिशाशी संबंधित आहे. ओडिशात सुप्रीत कौर, सेंधिल मुल्लइनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. शेतीची कामे नसलेल्या दिवसांत मजुरांना पानांच्या पत्रावळ्या लावण्याचे काम नगावर दिले. काहींना मजुरीचा काही भाग मुदतीआधी हातात दिला, बाकीच्यांना ठरलेल्या दिवशी. एकूण मजुरी सर्वांची सारखीच, फरक फक्त वेळेचा. ज्यांच्या हाती पैसे लवकर पडले त्यांनी आधी उधारी फेडली, घरात धान्य भरले. नंतरच्या दिवसांत त्यांच्या पत्रावळ्या सुमारे सात टक्क्यांनी वाढल्या. जे जास्त गरीब होते त्यांच्यात वाढ याहून मोठी होती. शिवाय चुकाही कमी झाल्या. पाने वाया जाणे, टाके उगाच दोनदा पडणे, असे दुर्लक्षाने होणारे दोष घटले. म्हणजे भाषण नाही, दरवाढ नाही, तेच पैसे चार दिवस आधी, आणि मन कामात लागले. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपल्यातल्या प्रत्येकाला लहानपणापासून पाठ आहे. ती निव्वळ पुण्याची बाब समजून आपण बाजूला ठेवली, पण तिच्यात धंद्याचाही हिशेब आहे.

हा मुद्दा आमच्या यंत्रमागांना लावून पाहा. कारागिराने लग्नासाठी, आजारपणासाठी मालकाकडून उचल घेतलेली असते. दर आठवड्याला तिच्यातून कापून घ्यायचे, पण आकडा काही संपत नाही. मजुरीच्या दिवशी निम्मे पैसे हाती पडतात आणि बाकीचे 'पुढच्या आठवड्यात'. सुटीच्या दिवशी किराणावाला दारात उभा राहतो. दुसऱ्या सकाळी हा माणूस सहा मागांसमोर उभा असतो तेव्हा त्याच्या डोक्यात सातवा माग चालू असतो, हिशेबाचा. तो कोणत्याही बटणाने थांबत नाही.

मालकांवर एकतर्फी दोष ठेवणे आम्हाला मान्य नाही. लहान यंत्रमागधारक स्वतः मीटरवर मजुरी घेऊन व्यापाऱ्याचे कापड विणतो. सूत व्यापाऱ्याचे, भाव व्यापाऱ्याचा, विजेचे बिल मात्र याचे. पैसे तीन-तीन महिने अडकतात, आणि तीच काळजी वरून खाली झिरपत कारागिरापर्यंत जाते. लहान उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे त्यांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून वेळेत न दिलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला त्या वर्षी आयकरात मिळत नाही असा नियम आला. सूक्ष्म आणि लघु उत्पादक म्हणून उद्यम नोंदणी केलेली असेल तर तिचा उपयोग होतो. आपल्यातल्या अनेकांनी ती केलेली नाही, किंवा केली असली तरी बिलावर क्रमांक छापलेला नाही. व्यापारी नाराज होईल ही भीती खरी आहे, पण दहा जणांनी मिळून क्रमांक छापला तर दहांना काम बंद करणे व्यापाऱ्यालाही परवडत नाही.

राहिला मोबाइल. कामगार मोबाइलमध्ये डोके घालून बसतात, ही तक्रार आम्हालाही पटते आणि मागाजवळ मोबाइल नको हे खरेच. परंतु मालक स्वतः दर पाच मिनिटांनी सुताचा भाव पाहतात, आणि पाहता पाहता चालत्या मागावरच्या माणसाला हाक मारतात: 'टेम्पो आलाय, जरा हात लाव', 'चहा सांगून ये'. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली दाखवले की अर्धे काम सोडून दुसऱ्याकडे गेलेल्या माणसाचे मन काही काळ पहिल्याच कामात अडकून राहते, आणि दुसरे काम त्यामुळे कच्चे होते. दुकानातही हेच होते. गिऱ्हाइकाला कापड दाखवणाऱ्या नोकराला मधेच गोदामात पिटाळायचे, आणि तो परतल्यावर भाव चुकला म्हणून सर्वांदेखत झापायचे. टेम्पोसाठी वेगळा माणूस ठेवणे परवडत नसेल तर माल उतरवण्याची वेळ तरी ठरवून घेता येते, पाळी बदलताना, माग थांबलेले असताना.

साध्या मागांना ताणा तुटल्यावर थांबवणारे यंत्र बसवता येते. केंद्राच्या साधे माग सुधारण्याच्या योजनेत, जी २०१७ पासून पॉवरटेक्स इंडियाचा भाग होती, त्यासाठी अनुदानही होते. तिची मुदत संपली. सगळे माग एकदम सुधारण्याचे बळ नसेल तर बट्टा सर्वांत जास्त लागतो त्या दोन मागांपासून सुरुवात करावी. आणि ज्या वक्त्याला बोलवायचे ठरले आहे त्याची फी एक महिना बाजूला ठेवावी. त्या महिन्यात मजुरी ठरल्या दिवशी पुरी द्यावी, उचलीचा हप्ता निम्मा घ्यावा, आणि कारागिराने स्वतः दाखवलेल्या दोषाचा बट्टा त्याच्यावर टाकू नये. महिन्याअखेरीस पेढीवरून परत आलेले कापड मोजावे आणि मागच्या महिन्याच्या वहीशी ताडून पाहावे. ज्यांनी असे केले त्यांनी आपले आकडे या पानाकडे पाठवावेत. ते कमी आलेले असोत वा नसोत, आम्ही छापू.