टाहो, बोंब आणि आरडाओरड

मुंबईच्या ‘स्क्राइब’ या बँडचा ‘मार्क ऑफ तेजा’ हा अल्बम २०१० साली प्रसिद्ध झाला. महानगरातील एका छोट्या वर्तुळात तो गाजला. त्या वर्तुळाबाहेर, आणि आमच्या बीड जिल्ह्यात तर नक्कीच, त्याचे नावही कुणी ऐकलेले नाही. या संगीताला जाणकार ‘हार्डकोर’ म्हणतात. त्याचेच एक हळवे, अधिक अंतर्मुख भावंड म्हणजे ‘स्क्रीमो’. दोहोंत गायक रूढ अर्थाने गात नाही, किंचाळतो. ‘कवितेतील आवाज’ हा घटक शिकवताना पदव्युत्तर वर्गाला मी या अल्बममधील काही भाग ऐकवला. जोडीला न्यूयॉर्कच्या ‘सेशिया’ या स्क्रीमो बँडचा १९९८ चा अल्बमही ऐकवला. त्यानंतर मुलांनी, आणि कुतूहलाने डोकावलेल्या काही सहकाऱ्यांनी, जी मते दिली, त्यांच्याविषयी हा लेख आहे. संगीताचा मी अभ्यासक नाही. पण मत कसे बनते आणि ते कोणत्या शब्दांत मांडले जाते, हा साहित्याच्या अध्यापकाच्या अखत्यारीतला प्रश्न आहे.

पहिले मत अपेक्षित होते : ‘शब्दच कळत नाहीत.’ हा आक्षेप खरा आहे, पण तो नेमका इथेच का आठवावा? विलंबित ख्यालातील बंदिशीचे शब्द आपल्यापैकी कितीजणांना पहिल्या ऐकण्यात कळतात? तिथे आपण शब्द न कळणे हा आपला उणेपणा मानतो, इथे मात्र तो गायकाचा दोष ठरवतो. स्क्रीमो बँड आपल्या तबकडीसोबत गीतांचे शब्द छापील कागदावर देत आले आहेत. म्हणजे शब्द आहेत, ते लिहिणाऱ्याला महत्त्वाचेही वाटतात; फक्त कंठातून बाहेर पडताना ते मोडतात. हे मोडणे आशयाचाच भाग आहे, की केवळ उच्चाराची हेळसांड आहे, हे प्रत्येक गाण्यापुरते तपासावे लागेल. कळत नाही म्हणून ऐकणे थांबवले, तर हा तपास सुरूच होत नाही.

दुसरे मत : ‘ही पाश्चात्त्यांची नक्कल, आपल्या मातीत हे नाही.’ ‘स्क्राइब’च्या बाबतीत हे मत फारसे टिकत नाही. अल्बमच्या नावातील तेजा हा ‘अंदाज अपना अपना’ या १९९४ च्या हिंदी चित्रपटातील खलनायक. यातील एका गाण्याचे नाव ‘आय लव्ह यू, पावभाजी’. २०१४ च्या त्यांच्या पुढच्या अल्बमच्या नावात तर खुद्द मोगॅम्बो अवतरतो. वाद्ये आणि साचा परका असेल. पण थट्टेचा सारा ऐवज गिरगाव ते अंधेरी लोकलच्या पट्ट्यातला आहे.

तिसरे मत या संगीताच्या मोजक्या जाणकारांचे. वर्गात असे दोघे निघाले. त्यांचे म्हणणे : ‘हे खरे स्क्रीमो नाहीच.’ वर्गीकरण म्हणून त्यांचे बरोबर होते. पण हा सूर ऐकताना मला आपल्या ‘खरी ग्रामीण कविता कोणती’ या चर्चासत्रांची आठवण झाली. शुद्धतेची चौकशी सुरू झाली की कलाकृती मागच्या बाकावर जाऊन बसते.

या सर्वांहून अधिक वेळा आलेला शब्द होता ‘आरडाओरड’. मला गंभीर वाटते ती अडचण इथेच आहे. मानवी किंकाळीसाठी मराठीइतकी बारीक शब्दकळा क्वचितच कुठे असेल. हाळी दूरच्या माणसाला बोलावते. आरोळी इशारा देते. हंबरड्यात गाय-वासराचे नाते आहे. टाहो फोडणाऱ्याला कुणीतरी ऐकावे अशी याचना असते. आकांत एकट्याचा असतो, तसा गावाचाही असतो. आणि शिमग्याला तोंडावर पालथी मूठ नेऊन मारलेली बोंब ही तर सणाने दिलेली मुभा आहे. तिच्यात शिवी, हसणे आणि वर्षभराची वाफ एकत्र मिसळलेली असते. हे शब्द समानार्थी नाहीत. प्रत्येकात ओरडणारा कोण, ऐकणारा कोण आणि दोघांत अंतर किती, याचा वेगळा हिशेब आहे. इतका ऐवज घरात असताना ‘आरडाओरड’ या एका शब्दावर काम भागवणे हा संगीतापेक्षा भाषेवरचा अन्याय आहे.

हे शब्द निकष म्हणून वापरून पाहावेत. ‘स्क्राइब’चा आवाज टाहो नाही, ती शिमग्याची बोंब आहे. तिला सोबतीला गर्दी लागते, ती स्वतःलाही हसते. ‘सेशिया’चे उलट आहे. १९९७ ते १९९९ या अल्पकाळात घडलेला हा बँड. त्याचे नाव माइल्स डेव्हिसच्या १९६० च्या ‘स्केचेस ऑफ स्पेन’मधील ‘साएता’ या रचनेवरून, अक्षरे थोडी चुकवून आले. साएता म्हणजे स्पेनच्या अंदालुसियात पवित्र सप्ताहातील मिरवणूक सज्जाखालून जाताना, मूर्तीकडे पाहत एकट्याने घातलेली आर्त साद. त्या अल्बममध्ये वाद्ये हळू होतात, जवळजवळ थांबतात आणि मग तो आवाज फुटतो. हा टाहो आहे. बोंबेला टाहोचा निकष लावला तर ती उथळ वाटेल, टाहोला बोंबेचा लावला तर तो रडका वाटेल. वर्गातील निम्मी मते अशा चुकीच्या मापाने मोजलेली होती.

किंकाळीला दर्जा असतो का, असा प्रश्न एका सहकाऱ्याने विचारला. आपल्या खेड्यांना तो कधीच पडला नाही. मयताच्या घरी गळा काढणाऱ्या बायकांचे रडणे शेजारणी किती चोखंदळपणे ऐकतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला उत्तर ठाऊक आहे. कुणी मेलेल्याचे गुण एकेक आठवून रडली, कुणी नुसताच सूर लावला, याचा निवाडा ओसरीवर तिथल्या तिथे होतो. हीसुद्धा समीक्षाच आहे. शिवाय सरावलेला गायक कंठ फाडून ओरडत नाही. मूळ स्वरतंतूंच्या वर जे आभासी स्वरतंतू असतात त्यांचा वापर करून, श्वासाचा दाब आवरून तो ती खरखर निर्माण करतो. म्हणजे उत्स्फूर्त वाटणाऱ्या या आकांतामागे रियाज असू शकतो. त्यामुळे तो खोटा ठरत नाही, जसा वृत्तात बसवलेला शोक खोटा ठरत नाही.

मराठी समीक्षेला ही परीक्षा नवी नाही. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. विजय तेंडुलकरांनी त्याची प्रस्तावना लिहिताना त्यातील अनेक शब्द आपल्याला कळत नाहीत हे लपवले नाही. ते अर्थ विचारत राहिले, कवीबरोबर त्या वस्तीत हिंडले. त्याच काळात दलित कवितेला ‘आक्रस्ताळी’, ‘प्रचारकी’ म्हणून मोकळे होणारेही होते. दोन्ही वाचकांपुढे एकच न कळणे होते. एकाने त्याचा प्रश्न केला, दुसऱ्याने निकाल. पन्नासहून अधिक वर्षांनंतर कोणती प्रतिक्रिया उपयोगी पडली, हे सांगायला नको. मी ‘स्क्राइब’ला ढसाळांच्या पंक्तीला बसवत नाही, त्यांच्या ओरडण्यामागचे जगणे एक नाही. साम्य आहे ते ऐकणाऱ्यांच्या बाजूला.

इथवरच्या विवेचनाला छेद देणारे मत मात्र एका मुलाने दिले. त्याचे आईवडील दसऱ्यानंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यावर जातात. तो म्हणाला, ‘सर, असं वरडायला आधी जागा लागती. कोपीत कुणी वरडलं तर शेजारचे पळत येतेत, काय झालं म्हणून.’ किंकाळीचे सौंदर्यशास्त्र रचताना मी हे गृहीतच धरले होते की ओरडणे सर्वांना उपलब्ध आहे. कला म्हणून ओरडायला बंद खोली लागते, ध्वनिवर्धक लागतो, आणि हे संकट नसून गाणे आहे असे समजून घेणारा शेजार लागतो. मुकादमाची उचल अंगावर असलेल्या माणसाच्या ओरडण्याला हे संरक्षण नसते.

मग अशा माणसांचा आवाज कुठे जातो? एक उत्तर याच जिल्ह्यात सापडते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत आणि त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रण १९९६ साली माजलगावात झाले. ओवी गाणारीचा आवाज चढत नाही. सासर, दारिद्र्य, जात यांविषयी जे घरात मोठ्याने बोलता येत नव्हते, ते जात्याच्या घरघरीच्या आडोशाने तिने म्हटले. स्क्रीमोत कंठ फाटतो आणि वाद्ये त्याच्यावर आदळतात. इथे दगडाचा गोंगाट कंठाला झाकून घेतो. दोन्हीकडे शब्द गोंगाटात बुडालेले आहेत, आणि दोन्हीकडे ते ऐकायचे तर ऐकणाऱ्याला वाकावे लागते.

म्हणून त्या मुलाचे मत मला अल्बमविरुद्धचे मत वाटत नाही. ते त्या वर्गातले सर्वांत नेमके ऐकणे होते, कारण आवाजाबरोबर त्याने आवाजाभोवतीची जागाही ऐकली. अनोळखी अल्बमविषयी मत देणाऱ्याकडून माझी अपेक्षा एवढीच आहे : आवडले किंवा नावडले हे जरूर सांगावे; पण त्याआधी ही हाळी आहे की हंबरडा, बोंब आहे की टाहो, आणि ओरडणाऱ्याला ती जागा कुणी दिली, हे विचारावे. पुढच्या सत्रात हाच घटक शिकवताना मी ‘सेशिया’नंतर माजलगावच्या ओव्या ऐकवणार आहे. मते कोणती येतील हे आत्ता सांगता येत नाही. ‘आरडाओरड’ हा शब्द मात्र त्या दिवशी फळ्यावर खोडलेला असेल.